लघवीची साक्ष
प्लास्टिकमधल्या मऊकारकांचा शरीरातला माग कसा काढतात?

अमेरिकेतील सिॲटल शहरात दहा कुटुंबांवर एक साधा प्रयोग झाला. प्लास्टिकचा स्पर्श टाळून शिजवलेले ताजे अन्न पाच दिवस खाल्ले, तर शरीरात जाणारी प्लास्टिकमधली रसायने किती कमी होतात, हे बालरोगतज्ज्ञ शीला सत्यनारायण आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पाहायचे होते. काही कुटुंबांना पाचही दिवसांचे सगळे जेवण तयार करून पोचवण्यात आले. ताज्या भाज्या, ताजे दूध, डबाबंद काही नाही, साठवणीत प्लास्टिक नाही. उरलेल्या कुटुंबांना काय टाळावे याची फक्त लेखी सूचना दिली. प्रयोगाआधी, प्रयोगादरम्यान आणि नंतर सगळ्यांची लघवी तपासली.

निकाल उलटा लागला. लेखी सूचना मिळालेल्यांत विशेष फरक पडला नाही. ज्यांना निवडून-पारखून अन्न दिले होते, त्यांच्या लघवीतले डीईएचपी नावाच्या रसायनाचे अवशेष मात्र सुमारे पंचवीस पटींनी वाढले. प्रयोग संपल्यावर आकडा पुन्हा खाली आला. संशोधकांनी मग जेवणातला एकेक पदार्थ तपासायला घेतला. धनेपुडीत एका ग्रॅममागे २१,४०० नॅनोग्रॅम डीईएचपी निघाले, दुधात एका ग्रॅममागे ६७३. हा शोधनिबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच्या शीर्षकातच ‘अनपेक्षित’ हा शब्द होता.

धनेपूड चिमूटभर पडते, दुधाचा मात्र पेला असतो. दोनशे ग्रॅम दुधाचा हिशेब केला तर एका पेल्यातून सुमारे १३५ मायक्रोग्रॅम डीईएचपी पोटात जाते आणि दोन ग्रॅम धनेपुडीतून सुमारे ४३. म्हणजे आकड्याने जास्त दचकवणारा पदार्थ नेहमीच जास्त पोचवणारा असतो असे नाही. ही एका प्रयोगातली, एका खेपेची धनेपूड होती. तिच्यावरून साऱ्या जगातल्या धनेपुडीवर शिक्का मारता येत नाही. पण ताजेपणाची सगळी काळजी घेऊनही जे कोणाच्या ध्यानात आले नाही, ते लघवीच्या बाटलीने सांगितले.

लघवीवरून शरीराचे वर्तमान वाचण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. ‘योगरत्नाकर’ या ग्रंथातल्या अष्टस्थान परीक्षेत नाडीच्या जोडीला मूत्र आहे, आणि लघवीवर तेलाचा थेंब सोडून तो कसा पसरतो हे पाहण्याची तैलबिंदू परीक्षाही आहे. आजच्या प्रयोगशाळेत जे शोधतात तेही मुळात तेलकट द्रवाचेच अवशेष असतात. फक्त ते शोधायला थेंब पुरत नाही.

कडक प्लास्टिक मऊ कसे होते

पीव्हीसी हे मुळात कडक प्लास्टिक आहे. घराबाहेरून गेलेला सांडपाण्याचा करडा पाइप पीव्हीसीचाच, आणि पावसाळ्यातला लवचीक रेनकोट, सोफ्याचे रेक्झिन, सलाइनची नळी हीदेखील पीव्हीसीचीच. फरक आहे तो मऊकारकाचा, म्हणजे प्लास्टिसायझरचा. १९२६ साली अमेरिकेत वॉल्डो सेमन यांनी पीव्हीसी अशा द्रवात मुरवून लवचीक करण्याची रीत शोधली आणि या प्लास्टिकला बाजार मिळाला. वापरात आलेल्या मऊकारकांत सर्वांत मोठे घराणे थॅलेटांचे. नावाचा उगम नॅफ्थलीनमध्ये, म्हणजे आपल्या कपाटातल्या डांबरगोळीत आहे, कारण थॅलिक आम्ल पहिल्यांदा त्यापासून तयार केले गेले.

मऊकारक प्लास्टिकच्या लांब साखळ्यांमध्ये शिरून त्यांना एकमेकींवरून सरकू देते, पण त्यांच्याशी रासायनिक बंध बांधत नाही. कणकेतले तेल जसे कागदावर ठेवलेल्या शंकरपाळ्यातून हळूहळू कागदावर उतरते, तसे ते बाहेर येत राहते. उष्णता मिळाली की लवकर येते, तेला-तुपाचा संपर्क आला की आणखी सहज येते, कारण ते स्वतः तेलात विरघळणारे आहे. जुने रेक्झिन आधी चिकट होते आणि मग तडकते, त्यामागचे एक कारण हेच.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पाण्याच्या पारदर्शक बाटल्या ज्या पेट प्लास्टिकच्या असतात, त्याच्या पूर्ण नावात ‘टेरेथॅलेट’ हा शब्द येतो. पण तो त्या प्लास्टिकच्या साखळीचाच बांधलेला भाग आहे, मऊकारक नव्हे. नावाच्या सारखेपणावरून फिरणारे इशारे वाचताना एवढे लक्षात ठेवावे.

थॅलेट फक्त प्लास्टिकमध्येच असतात असेही नाही. डीईपी हे त्यांतले हलके थॅलेट सुगंधी द्रव्ये विरघळवायला आणि त्यांचा वास टिकवायला वापरतात. आपल्याकडच्या अगरबत्तीच्या धंद्यात सुगंधी तेल पातळ करण्यासाठी ते सर्रास वापरले जाते. डीबीपी हे आणखी एक थॅलेट नखांच्या रंगाचा थर तडकू नये म्हणून आणि काही गोळ्यांच्या वेष्टणात वापरले जाई.

रक्त नको, लघवी का?

१९७० साली बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रुडॉल्फ जेगर आणि रॉबर्ट रुबिन यांना उंदराच्या यकृतावरील प्रयोगांत असे पदार्थ आढळले जे तिथे असायला नको होते. ते प्लास्टिकच्या उपकरणांतून उतरले होते. पुढे त्यांनी दाखवले, की प्लास्टिकच्या पिशवीत साठवलेल्या रक्तात डीईएचपी उतरते आणि असे रक्त दिलेल्या रुग्णांच्या शरीरातही ते पोचते.

मग रक्तातच डीईएचपी का मोजू नये? अडचण अशी, की मोजणाराच त्यात भर घालतो. हातमोजे, नळ्या, बाटल्यांची बुचे, रसायने, प्रयोगशाळेतली धूळ आणि हवा, सगळीकडे थॅलेट आहेत. नमुन्यात सापडलेला कण माणसाच्या शरीरातला की प्रयोगशाळेतला, हे सांगणे कठीण. सुरुवातीच्या कित्येक मोजमापांवर या शंकेची सावली पडली.

यातून वाट काढली शरीरानेच. थॅलेटच्या रेणूला दोन बाजूंना दोन शेपट्या असतात. अन्नातून आत गेल्यावर आतड्यातली आणि यकृतातली विकरे त्यांतली एक शेपटी कापतात आणि उरतो तो एकशेपटी रेणू. डीईएचपीचा असा एकशेपटी रेणू म्हणजे एमईएचपी. यकृत त्यालाही ऑक्सिजन जोडून पुढे बदलते, त्याला साखरेसारखा एक घटक चिकटवते आणि पाण्यात विरघळण्याजोगा करून मूत्रपिंडाकडे धाडते. हे बदललेले रेणू प्रयोगशाळेच्या धुळीत नसतात. ऑक्सिजन जोडलेले रेणू सापडले तर ते कोणाच्या तरी शरीरातून आले, हे निश्चित. रक्तात आणि दुधात शेपटी कापणारी विकरे असल्यामुळे नमुना घेतल्यानंतर बाहेरून पडलेल्या थॅलेटचाही एकशेपटी रेणू बनू शकतो. लघवीत तो धोका फारच कमी. शिवाय लघवी घ्यायला सुई लागत नाही आणि लहान मुलाला रडवावे लागत नाही.

बाटलीपासून आकड्यापर्यंत

प्रयोगशाळेत आलेल्या लघवीत आधी एक विकर घालतात. ते यकृताने चिकटवलेला साखरेचा घटक सोडवते. हे विकर कोणत्या जिवापासून घ्यायचे यालाही महत्त्व आहे. गोगलगाईपासून मिळणाऱ्या विकरात शेपटी कापणारी विकरेही मिसळलेली असतात, म्हणून जिवाणूपासूनचे घेतात. त्याच वेळी नमुन्यात मोजायच्या रेणूचीच थोडी जड आवृत्ती घालतात, ज्यातल्या काही कार्बन अणूंचे वजन नेहमीपेक्षा जास्त असते. पुढच्या टप्प्यांत मूळ रेणूचा जेवढा भाग वाया जाईल, तेवढाच या जड जुळ्याचाही जातो. शेवटी जुळ्याचा किती हिस्सा उरला हे पाहून मूळ रेणूचा आकडा दुरुस्त करता येतो.

त्यानंतर लघवी एका बारीक थरातून गाळून हवे ते रेणू पकडतात आणि द्रवाच्या दाबाखाली एका नळीतून सोडून एकमेकांपासून वेगळे करतात. शेवटी मास स्पेक्ट्रोमीटर प्रत्येक रेणूला विद्युतभार देऊन तोडतो आणि तुकड्यांच्या वजनावरून त्याची ओळख पटवतो. एका लिटरमध्ये मायक्रोग्रॅमभर, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग असला, तरी तो सापडतो.

ही पद्धत वापरून अटलांटा येथील रोग नियंत्रण केंद्राच्या बेंजामिन ब्लाउंट आणि सहकाऱ्यांनी २००० साली २८९ प्रौढ अमेरिकनांच्या साठवलेल्या लघवीचे निकाल प्रसिद्ध केले. तोपर्यंत सगळ्यांची नजर डीईएचपी आणि डीआयएनपी या सर्वांत जास्त उत्पादन होणाऱ्या थॅलेटांवर होती. लघवीत सर्वांत जास्त निघाले ते मात्र डीईपी, डीबीपी आणि बेंझिल ब्यूटिल थॅलेट यांचे अवशेष. वीस ते चाळीस वर्षांच्या, म्हणजे मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांमध्ये डीबीपीचा अवशेष इतरांपेक्षा लक्षणीय जास्त होता. संशय साहजिकच सौंदर्यप्रसाधनांवर गेला. युरोपीय संघाने २००४ साली प्रसाधनांतून डीबीपी आणि डीईएचपी हद्दपार केले. कारखान्यातून किती टन माल बाहेर पडतो यावरून माणसाच्या शरीरात काय जाते याचा अंदाज बांधणे किती फसवे, हे त्या २८९ बाटल्यांनी दाखवले.

उलटा हिशेब

लघवीतला आकडा मिळाला तरी पोटात किती गेले, हे कसे कळणार? त्यासाठी किती गेल्यावर किती बाहेर येते हे आधी माहीत हवे. जर्मनीत होल्गर कॉख, युर्गेन अँगेरर आणि सहकाऱ्यांनी एका पुरुष स्वयंसेवकाला ४८.५ मिलिग्रॅम डीईएचपी दिले. त्यातल्या काही हायड्रोजन अणूंच्या जागी जड हायड्रोजन होते, त्यामुळे रोजच्या जेवणातल्या थॅलेटशी त्याची गल्लत होणार नव्हती. चोवीस तासांत त्यातले ६७ टक्के पाच वेगवेगळ्या अवशेषांच्या रूपात लघवीतून बाहेर आले. साध्या एमईएचपीचा वाटा होता फक्त ५.९ टक्के. ऑक्सिजन जोडलेला एक रेणू एकटाच २३.३ टक्के होता. म्हणजे एमईएचपीवरच थांबलेल्या जुन्या तपासण्या हिमनगाचे टोक मोजत होत्या.

आता हिशेब करून पाहू. समजा एखाद्याच्या लघवीत हा दुसरा रेणू लिटरमागे २० मायक्रोग्रॅम आहे आणि दिवसाची लघवी दीड लिटर. दिवसाला ३० मायक्रोग्रॅम झाले. मूळ डीईएचपीचा रेणू याच्या १.३३ पट जड, म्हणून सुमारे ४० मायक्रोग्रॅम. हा भाग एकूणाच्या २३.३ टक्के, म्हणून पोटात गेले सुमारे १७१. माणूस साठ किलोचा असेल तर किलोमागे तीनपेक्षाही कमी मायक्रोग्रॅम. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने रोज चालेल अशी ठरवलेली मर्यादा आहे किलोमागे ५०, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची २०. सिॲटलच्या ताजे अन्न खाणाऱ्या लहान मुलांचे अंदाज या दुसऱ्या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेले होते.

आकडा कोणाचा आणि किती वेळाचा

या मोजमापाच्या दोन दुबळ्या बाजू आहेत. पहिली, लघवी कधी दाट असते, कधी पातळ. तांब्याभर पाणी प्यायल्यावरचा आकडा खाली येणारच. म्हणून सोबत क्रिएटिनिन मोजतात. ते स्नायूंतून बऱ्यापैकी ठरावीक वेगाने येते, त्याच्याशी गुणोत्तर काढले की पातळपणाचा परिणाम कमी होतो. पण मुलांचे, वृद्धांचे आणि बारीक चणीच्या माणसांचे स्नायू कमी, त्यामुळे त्यांचे क्रिएटिनिनही कमी आणि गुणोत्तर फुगलेले. पहिलवानाचा आणि पाच वर्षांच्या मुलीचा आकडा शेजारी शेजारी ठेवताना हे विसरता येत नाही.

दुसरी बाजू वेळेची. थॅलेट शरीरात साठून राहत नाहीत. एमईएचपी लघवीतून निम्मे व्हायला सुमारे पाच तास पुरतात, बाकीच्या अवशेषांना दहा ते चोवीस. सकाळच्या बाटलीत आदल्या रात्रीचे जेवण असते, गेल्या महिन्याचे नसते. अटलांटाच्या अँटोनिया कॅलाफॅट आणि सहकाऱ्यांनी आठ प्रौढांची आठवडाभराची सगळी लघवी जमवून तपासली. डीईपीच्या बाबतीत माणसामाणसांत मोठा फरक होता, पण एकाच माणसाचा आकडा बराच स्थिर होता. डीईएचपीच्या बाबतीत उलट, एकाच माणसाचा आकडा दिवसाच्या वेळेनुसार वर-खाली झोके घेत होता. कारण सरळ आहे. अत्तर, साबण, तेल या ज्याच्या त्याच्या सवयी असतात आणि त्या रोज तशाच राहतात. जेवण मात्र दर वेळी वेगळे असते.

म्हणून खाजगी प्रयोगशाळेत एकदा लघवी देऊन स्वतःचा आकडा काढून घेण्यात फारसा अर्थ नाही. हजारो माणसांच्या एकेका बाटलीतून समाजाचे चित्र उमटते, एका माणसाच्या एका बाटलीतून त्याचे भविष्य उमटत नाही. आयोडिनचेही असेच आहे. लघवीतल्या आयोडिनवरून एखाद्या लोकसमूहाला ते पुरेसे मिळते का, हे ठरवतात. मध्यांक लिटरमागे १०० ते १९९ मायक्रोग्रॅम असला तर पुरेसे. पण त्यावरून एखाद्या एकट्या माणसाचे निदान करत नाहीत.

क्वचित एकटी बाटलीही बोलते. २००४ साली नोंदवलेल्या एका पुरुषाच्या लघवीत डीबीपीचा अवशेष मिलिलिटरमागे १६,८६८ नॅनोग्रॅम निघाला, म्हणजे अमेरिकन पुरुषांतल्या वरच्या टोकाच्या आकड्याच्याही शंभर पटींच्या घरात. चौकशीत कळले, की तो मोठ्या आतड्याच्या दाहावर मेसालामाईन घेत होता. गोळी जठरात न विरघळता पुढे जावी म्हणून तिच्या वेष्टणात थॅलेट होते.

नळीला जोडलेले बाळ

या विषयातली सर्वांत अवघड बाटली असते ती अपुऱ्या दिवसांच्या बाळाची. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांच्या नवजात अतिदक्षता विभागांतल्या ५४ बाळांची लघवी तपासली. ज्यांच्यावर नळ्या, पिशव्या, श्वासयंत्राचे भाग अशा डीईएचपी असलेल्या साधनांचा वापर जास्त होता, त्यांच्या लघवीत एमईएचपी इतरांच्या सुमारे पाच पट होते. त्या नळ्या काढून टाका असे कोणी म्हणणार नाही, त्या नळ्यांवरच बाळ जगत असते. गुंता एवढ्यावर संपत नाही. रक्ताच्या पिशवीतून उतरणारे डीईएचपी लाल पेशींच्या आवरणात शिरून त्या साठवणीत लवकर फुटू देत नाही, म्हणजे रक्त टिकवायला मदतच करते. इथे लघवीचा आकडा साधन वापरू नका असे सांगत नाही, दुसऱ्या मऊकारकाची नळी बनवा असे सांगतो. आणि तो निर्णय आईबापांच्या हातात नसतो. तो बनवणाऱ्याच्या, विकत घेणाऱ्या रुग्णालयाच्या आणि नियम करणाऱ्याच्या हातात असतो.

एवढी काळजी कशासाठी? नर उंदरांच्या गर्भावर काही थॅलेटांचा परिणाम प्रयोगांत स्पष्ट दिसतो. पुरुष संप्रेरक कमी तयार होते आणि जननेंद्रियांची वाढ बिघडते. माणसांत शॅना स्वान आणि सहकाऱ्यांनी २००५ साली गरोदरपणी घेतलेली आईची लघवी आणि तिच्या मुलाची मोजमापे यांची सांगड घातली. अशा ८५ जोड्यांत काही थॅलेटांचे अवशेष जास्त असलेल्या आयांच्या मुलग्यांमध्ये गुदद्वार ते जननेंद्रिय हे अंतर कमी आढळले. हा संबंध आहे, कारण सिद्ध झाल्याचा पुरावा नव्हे. पण उंदरात दिसलेल्या खुणेचीच ती प्रतिमा असल्याने ती दुर्लक्षिता येत नाही. युरोपने २००५ साली खेळण्यांत डीईएचपी, डीबीपी आणि बेंझिल ब्यूटिल थॅलेट यांवर ०.१ टक्क्याची कायमची मर्यादा घातली. भारतात खेळण्यांसाठी मानक सक्तीचे झाले ते २०२१ पासून, आणि त्यात थॅलेटांचा भाग आहे.

गोठवलेल्या बाटल्या

असे नियम केल्याने काही फरक पडतो का? याचे उत्तर जर्मनीने जपून ठेवलेल्या लघवीतून मिळाले. तिथल्या पर्यावरण नमुना पेढीत विद्यार्थ्यांची चोवीस तासांची लघवी वर्षानुवर्षे अतिशीत तापमानात साठवली जाते. १९८८ ते २००३ या काळातल्या ६३४ नमुन्यांत डीबीपी आणि डीईएचपीचे अवशेष उतरत गेलेले दिसले आणि डीआयएनपीचे चढत गेलेले. म्हणजे एक मऊकारक मागे सरत होते आणि दुसरे त्याची जागा घेत होते. २००२ साली डिंच नावाचा नवा पर्याय बाजारात आला. १९९९ आणि २००३ च्या नमुन्यांत त्याचा मागमूस नव्हता, २००६ मध्ये ७ टक्के नमुन्यांत तो सापडला, २००९ मध्ये ४३ टक्के आणि २०१२ मध्ये ९८ टक्के. बाजारातून शरीरापर्यंतचा प्रवास दहा वर्षांत पूर्ण झाला.

सर्वांत बोलकी गोष्ट अलीकडची आहे. जर्मनीतल्या नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्यात बालवाडीतल्या मुलांची लघवी नियमाने तपासतात. तिथे एका अशा थॅलेटचा अवशेष निघाला, जे युरोपात जवळपास वापरातच नसायला हवे होते. २०१७-१८ मध्ये २६ टक्के मुलांत, २०२०-२१ मध्ये ६१ टक्के. ही बातमी २०२४ च्या सुरुवातीला जाहीर झाली आणि शोध सुरू झाला. माग लागला तो सनस्क्रीनपर्यंत. उन्हाचे किरण अडवणारा एक घटक बनवताना हे थॅलेट अशुद्धी म्हणून त्यात राहून जात होते. ते कोणी मुद्दाम घातले नव्हते, त्यामुळे वेष्टणावरच्या यादीत त्याचे नाव असण्याचा प्रश्नच नव्हता.

धनेपूड, नखांचा रंग, गोळीचे वेष्टण, सनस्क्रीन. या प्रत्येक गोष्टीत आधी लघवीने सांगितले, मग कारण सापडले. वेष्टण वाचून जपणारा ग्राहक यांतल्या बहुतेक ठिकाणी हरला असता. गरम वरण किंवा तळलेला जिन्नस मऊ प्लास्टिकमध्ये भरू नये, लोणचे काचेच्या बरणीत ठेवावे, हे खरेच. डबाबंद आणि पाकीटबंद अन्न टाळून तीन दिवस ताजे खाल्ल्यावर कॅलिफोर्नियातल्या पाच कुटुंबांच्या लघवीतले डीईएचपीचे अवशेष निम्म्याहून खाली आले होते, हेही २०११ सालच्या अभ्यासात दिसले. शरीरात न साठणाऱ्या या रसायनाची ही एक चांगली बाजू, की वाट बंद केली की आकडा लगेच उतरतो. पण वाट कुठे आहे हे आधी कळावे लागते.

आपल्याकडे ते कसे कळणार? २०११ साली कुरुंथाचलम कण्णन आणि सहकाऱ्यांनी सात आशियाई देशांतल्या २९६ नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भारतातलेही थोडे होते, आणि थॅलेटांचे अवशेष सातही देशांत सापडले. पण मूठभर नमुन्यांवरून साऱ्या देशाचे चित्र रेखाटता येत नाही. अमेरिकेत १९९९ पासून, कॅनडात २००७ पासून, कोरियात २००९ पासून असे राष्ट्रीय सर्वेक्षण नियमित होते. आपल्याकडे तसे नाही. ते करता येणार नाही असे मात्र नाही. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५१ हजारांहून जास्त मुलांकडून रक्त, लघवी असे जैविक नमुने घेतले गेले आणि लघवीत आयोडिन मोजले गेले. गावोगावी जाऊन, थंड पेटीतून नमुने आणून ते आपण एकदा करून दाखवले आहे.

अशा पुढच्या सर्वेक्षणात काही हजार बाटल्या बाजूला काढून गोठवून ठेवल्या, तर आज आपल्याला नावही माहीत नसलेले एखादे रसायन वीस वर्षांनी त्यांत शोधता येईल. जर्मनीने १९८८ मध्ये बाटली ठेवली तेव्हा तिच्यात पुढे काय शोधायचे, हे त्यांनाही माहीत नव्हते. पण न ठेवलेली बाटली मागाहून तपासता येत नाही.